इटालियन कॉन्सेप्ट बाइक : चेहरा नंतर बघा, आधी टाकी आणि व्हीलबेस

प्रश्न असा आहे : मिलानच्या आयक्मा प्रदर्शनात दर नोव्हेंबरला इटालियन कंपन्या कॉन्सेप्ट बाइक मांडतात. फोटो आले की चाहत्यांत दोन तट पडतात. एकाला ती कलाकृती वाटते, दुसऱ्याला प्लॅस्टिकचं खेळणं. यातलं विक्रीच्या गाडीत खरोखर किती उतरतं, आणि या मतांना किती धरून चालायचं?

कॉन्सेप्टच्या कपड्यांखाली इंजिन आणि फ्रेम कोणती आहे, हे आधी शोधावं लागतं. नवं इंजिन उभं करायला कित्येक वर्षं आणि अफाट पैसा लागतो. फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण), टाकीचं कव्हर, हेडलाइटचं खोकं यांचे साचे त्या मानाने स्वस्तात होतात. म्हणून सांगाडा घरात तयार असेल तर वरचं रूप बरंचसं टिकतं, नसेल तर टाळ्या कितीही पडल्या तरी गाडी स्टँडवरून खाली उतरत नाही. चाहत्यांची भांडणं मात्र बहुतेक हेडलाइट आणि रंगावर होतात.

कॉन्सेप्टच्याही जाती असतात. पहिल्या जातीत गाडी जवळजवळ तयारच असते, फक्त तिला कॉन्सेप्ट म्हणून मिरवतात. एप्रिलिया आरएस ६६० हे त्याचं सरळ उदाहरण. २०१८ च्या आयक्मात कॉन्सेप्ट, २०१९ ला विक्रीचं रूप, २०२० च्या अखेरीस शोरूममध्ये. ६५९ सीसीचं ट्विन इंजिन एप्रिलियाच्याच व्ही४ च्या पुढच्या दोन सिलिंडरांवरून काढलेलं. दोन थरांची फेअरिंग कॉन्सेप्टमध्ये बघून लोक म्हणाले, ‘हे कोण बनवून देणार?’ ती तशीच आली, कारण ती नुसती शोभा नव्हती. दोन थरांमधून जाणारी हवा गाडी वेगात स्थिर ठेवते आणि रेडिएटरची गरम हवा रायडरच्या पायांपासून दूर नेते.

दुसऱ्या जातीत तयार गाडीला नवे कपडे घालतात. एमव्ही अगुस्ताची सुपरवेलोचे ८०० या जातीची. २०१८ मध्ये कॉन्सेप्ट म्हणून आली तेव्हा खाली एफ३ ८०० होती, आणि विक्रीच्या गाडीतही तीच राहिली. म्हणून गोल हेडलाइट, टाकीवरचा चामडी पट्टा, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी सायलेन्सरची तोंडं, सगळं जसंच्या तसं आलं. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १३८० मिमी आणि टाकी १६.५ लिटर, दोन्ही एफ३ चेच आकडे. डिझायनरने टाकीच्या पोटाला हात लावला नाही, वरची कातडी तेवढी बदलली. त्या कॉन्सेप्टवर ‘फक्त रेट्रो मुखवटा आहे’ अशी टीका झाली होती. टीका खरी होती, आणि ती गाडी विक्रीला येऊ शकली तीही त्याचमुळे.

तिसरी जात शुद्ध स्वप्नांची. २००९ च्या आयक्मात मोटो गुझीने व्ही१२ नावाने ले मान्स, स्ट्राडा आणि एक्स अशा तीन कॉन्सेप्ट मांडल्या. कौतुक भरपूर झालं. इंजिन गुझीचं घरचंच होतं, तरी तिन्हींपैकी एकही विक्रीला आली नाही. सांगाडा असणं गरजेचं, पण तेवढ्याने भागत नाही. त्या वर्षी कंपनीने पैसा कुठे लावायचा ठरवलं आहे, हे फोटोत दिसत नाही.

फोटोवरून जात ओळखायची तर बारकाव्यांकडे बघा. साइड स्टँड आहे का? पेट्रोलच्या झाकणाला किल्लीची जागा आहे का? पुढच्या चाकाला एबीएसची दातेरी रिंग आणि सेन्सरची वायर आहे का? रेडिएटरचे होजपाइप आणि त्यांच्या क्लिपा दिसतात का? इंजिनखाली धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा फुगीर डबा आहे का, की नुसता सडपातळ पाइप? ब्रेकच्या नळ्या हँडल पूर्ण वळेल एवढ्या ढिल्या आहेत का? पाचसहा गोष्टी सापडल्या तर ती गाडी चाचणीच्या ट्रॅकवर धावलेली असण्याची शक्यता दाट आहे. एकही सापडली नाही तर समोर मॉडेल आहे, फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत, तेलसुद्धा नसेल.

आता मोजमाप. चाहत्यांमध्ये हे फार कमी जण करतात, पण निम्मे वाद यानेच मिटतात. गाडीचा बाजूने, लांबून, काटकोनात काढलेला फोटो घ्या. दोन्ही चाकं पूर्ण गोल दिसली पाहिजेत. लंबगोल दिसत असतील तर तो फोटो सोडून द्या. पट्टी म्हणून पुढचं टायर वापरा. स्पोर्ट बाइकला बहुतेक वेळा १२०/७० आर १७ असतं. रिम १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. टायरच्या भिंतीची उंची १२० च्या ७० टक्के, म्हणजे ८४ मिमी, वर आणि खाली मिळून १६८. बेरीज ५९९.८, म्हणजे सरळ ६०० मिमी धरा. मागे १८०/५५ आर १७ असेल तर त्याच हिशेबाने ६३० मिमी येतं. फोटोत मागचं चाक पुढच्याच्या १.०५ पट भरलं तर फोटो विश्वासू. ॲडव्हेंचर गाडीचं ९०/९०-२१ टायर साधारण ६९५ मिमीचं भरतं. कॉन्सेप्टवर कधीकधी भलतीच साइज चढवलेली असते, म्हणून टायरच्या भिंतीवरचे आकडे झूम करून वाचा, गृहीत धरू नका.

या पट्टीने आधी व्हीलबेस काढा. डुकाटी ९१६ चा व्हीलबेस १४१० मिमी, म्हणजे पुढच्या चाकाच्या २.३५ पट. आरएस ६६० चा १३७०, म्हणजे २.२८ पट. कॉन्सेप्टचा व्हीलबेस त्याच कंपनीच्या चालू गाडीशी मिलिमीटरच्या अंतराने जुळला की खालची फ्रेम कोणाची ते कळलं. दोन सिलिंडर नव्वद अंशांवर असलेल्या डुकाटीच्या एल-ट्विन इंजिनात पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा पडतो आणि पुढच्या चाकाच्या दिशेने जागा खातो. तरीही ९१६ मध्ये डिझायनर मासिमो तांबुरीनींनी गाडी १४१० मध्ये बसवली, ही तिची खरी करामत. लोकांना मात्र सीटखालचे सायलेन्सर आणि मागचं चाक एकाच बाजूने धरणारा एकहाती स्विंगआर्मच आठवतात.

मग टायरचा माथा आणि टेलचं बूड यांमधलं अंतर मोजा. रस्त्याच्या गाडीत मागच्या चाकाला साधारण १२० ते १३० मिमीचा खेळ लागतो. अंतर ७०-८० मिमीच असेल तर दोन माणसं बसून गाडी खड्ड्यात गेली की टायर टेलला घासणार. प्रदर्शनातल्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा शॉकअॅबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) जागी आखूड दांडा टाकून मागची बाजू हवी तेवढी खाली आणलेली असते. ‘कॉन्सेप्टचा स्टान्स गेला, विक्रीची गाडी उंटासारखी उभी आहे’ ही तक्रार तिथून येते. डिझायनरने काही बिघडवलेलं नसतं, खरा शॉकअॅब बसलेला असतो इतकंच.

तिसरं माप सीट आणि फूटरेस्टमधलं उभं अंतर. ४०० मिमीच्या आसपास असेल तर गुडघे घट्ट दुमडतील, ४८० च्या पुढे गेलं तर दिवसभर बसता येईल. चौथं, फोर्कचा कल. फोर्क उभ्या रेषेपासून २४ अंश झुकलेला, चाकाची त्रिज्या ३०० मिमी आणि ऑफसेट (स्टिअरिंगच्या अक्षापासून चाकाचा मध्य जितका पुढे असतो ते अंतर) ३० मिमी धरला तर ट्रेल, म्हणजे तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो आणि टायर जिथे टेकतं त्यांतलं अंतर, किती? त्रिज्येला २४ च्या साइनने गुणायचं, ऑफसेट वजा करायचा, उत्तराला २४ च्या कोसाइनने भागायचं. येतात साधारण १०१ मिमी, स्पोर्ट बाइकला अगदी योग्य. तोच फोर्क दिसायला ऐटदार म्हणून ३० अंशांवर नेला आणि ऑफसेट तोच ठेवला तर ट्रेल १३९ मिमीच्या जवळ जातो. सरळ रस्त्यावर गाडी रेल्वेसारखी जाईल, पण घाटात प्रत्येक वळणाला हँडल ओढावं लागेल. असा कोन कॉन्सेप्टमध्ये दिसला तर तो विक्रीपर्यंत टिकत नाही, किंवा गाडी क्रूझर म्हणून विकली जाते.

टाकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कॉन्सेप्टच्या चाहत्यांना सगळ्यात जास्त पस्तावायला इथेच लागतं.

२०१७ च्या आयक्मात ‘कटाना ३.०’ नावाची कॉन्सेप्ट आली. डिझाइन रोडोल्फो फ्रास्कोलीचं, गाडी उभी केली इटलीच्याच इंजिन्स इंजिनिअरिंगने, आणि उपक्रम एका इटालियन मोटरसायकल मासिकाचा. खाली सुझुकीची जीएसएक्स-एस १०००. ती इतकी गाजली की सुझुकीने वर्षभरात, २०१८ च्या जर्मनीतल्या इंटरमोट प्रदर्शनात, विक्रीची कटाना दाखवली. इटालियन डिझाइन जपानी कंपनीने इतक्या इमानाने उचलल्याची उदाहरणं कमी आहेत. व्हीलबेस जीएसएक्स-एसचाच, १४६० मिमी. पण जीएसएक्स-एसमध्ये १७ लिटर मावत होतं, कटानात १२ लिटर राहिलं. इंजिन तेच, फ्रेम तीच, पाच लिटर कुठे गेले?

टाकी म्हणून जे दिसतं त्याच्या पुढच्या भागात एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा डबा, असतो. पेट्रोल त्याच्या मागे आणि सीटच्या नाकाखाली राहतं. कटानाच्या रूपाचा जीव तिच्या चोचीपासून सीटपर्यंत उतरत येणाऱ्या कडक रेषेत आहे. ती रेष सांभाळायची तर टाकीचे खांदे कापावे लागतात. एअरबॉक्स हलवता येत नाही, कारण तो हलवला की इंजिनाचं ट्यूनिंग बदलतं. फ्रेमचे दोन बीम बाजूंनी अडवतात, त्यामुळे टाकी रुंदही करता येत नाही. उरतं पेट्रोल, तेच कमी झालं. गाडी लिटरला १८ किलोमीटर देते असं धरलं तर १२ लिटरमध्ये २१६ किलोमीटर, त्यातले शेवटचे तीसचाळीस पंप शोधण्यात. कॉन्सेप्टच्या फोटोखाली ‘एक रेषसुद्धा बदलू नका’ असं लिहिणाऱ्यांनी मागितलं ते मिळालं. नंतर तक्रार करणारेही बऱ्याच अंशी तेच होते. भारतात २०२२ मध्ये कटाना आली तेव्हाही टाकी १२ लिटरचीच होती.

म्हणून बाजूच्या फोटोत टाकीची लांबी आणि खांद्यांची उंची त्याच इंजिनाच्या चालू गाडीशी ताडून बघा. टाकीचा माथा सीटकडे उतरताना मध्येच खोल खाच असेल, किंवा टाकी आणि टेल यांच्यामधून पलीकडचं दिसत असेल, तर तिथलं पेट्रोल गेलं समजा.

डेझर्टएक्सचं प्रकरण उलटं आणि म्हणून जास्त रंजक. २०१९ च्या आयक्मात डुकाटीने ती स्क्रॅम्बलर घराण्यातली कॉन्सेप्ट म्हणून मांडली. इंजिन स्क्रॅम्बलर ११०० चं, हवेवर थंड होणारं. डिसेंबर २०२१ मध्ये विक्रीची गाडी दाखवली तेव्हा इंजिन ९३७ सीसीचं, पाण्यावर थंड होणारं टेस्टास्ट्रेटा, आणि फ्रेमही निराळी. म्हणजे सांगाडाच बदलला. तरी दोन गोल दिवे, उभी विंडस्क्रीन, २१ इंची पुढचं चाक आणि डाकारच्या जुन्या कगीवा एलिफंटची आठवण करून देणारा बांधा राहिला. वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद वाटेल, पण नीट बघितलं तर नाही. ९३७ चं इंजिन डुकाटीकडे आधीपासून तयार होतं, कॉन्सेप्टला फक्त दुसऱ्या घरचा सांगाडा मिळाला. टाकी २१ लिटरची ठेवली आणि मागे ८ लिटरची जादा टाकी पर्याय म्हणून दिली. व्हीलबेस १६०८ मिमी, सीट ८७५ मिमी. ‘हवेवरचं इंजिन काढून आत्मा घालवला’ अशी ओरड तेव्हा झाली. उगीच होती. वाळूत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास-दीड तास चालणाऱ्या गाडीला वारा पुरत नाही, रेडिएटर आणि पंखाच लागतो.

मागचा भाग हा कॉन्सेप्ट आणि विक्रीची गाडी यांच्यातला सगळ्यात ठरलेला फरक. कारण कायद्याचं आहे. युरोपीय नियमांत मागच्या दोन इंडिकेटरमध्ये किमान १८० मिमी आणि पुढच्या दोनमध्ये किमान २४० मिमी अंतर लागतं. लो बीमचा दिवा जमिनीपासून ५०० ते १२०० मिमीच्या दरम्यानच हवा. टेलमध्ये लपवलेली, एका पट्टीत मावणारी इंडिकेटरची जोडी १८० पेक्षा जवळ असेल तर ती जाणार हे आजच सांगता येतं. मोजायला पट्टी आहेच. इटलीची दुचाकीची नंबरप्लेट १७७ बाय १७७ मिमीची, अगदी चौकोनी. आपली २०० बाय १०० ची आडवी. डिझायनर चौकोनी प्लेट डोळ्यांसमोर ठेवून काम करतो, त्यामुळे भारतात आलेल्या गाडीत प्लेटच्या वर रिकामी पट्टी राहते किंवा प्लेट धारकाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते.

भारतात आणखी भर पडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे आपलं साडी गार्ड, लागतं. एकहाती स्विंगआर्मची उघडी बाजू दाखवण्यासाठी रेखाटलेल्या गाडीवर नळ्यांची जाळी आली की मन खट्टू होतं, मान्य. पण तो दोष डिझायनरचा नाही, आणि ओढणी चाकात गेल्यावर काय होतं हे माहीत असलेला माणूस नियमालाही दोष देणार नाही.

टेल स्वच्छ ठेवण्याची एक पळवाट म्हणजे प्लेट स्विंगआर्मवर, चाकामागे लांब हातावर बसवणं. कटानात तसंच आहे. दिसतं छान, पण तो हात शॉकअॅबच्या खालच्या बाजूला असतो, म्हणून रस्त्याचा प्रत्येक धक्का गाळणी न लागता त्याच्यावर येतो. खराब रस्त्यावर बोल्ट ढिले होतात, प्लेटच्या दिव्याची वायर वाकण्याच्या जागी तुटते, आणि हाताच्या बुडाशी चीर जाते. अशी गाडी घेतली तर पहिल्या हजार किलोमीटरनंतर ते बोल्ट काढून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावून पुन्हा घट्ट करा, आणि वायरला वळणाच्या जागी थोडा ढिलेपणा ठेवा. प्लेटवर जाड शोभेची फ्रेम चढवू नका, हाताच्या टोकाला वाढलेलं प्रत्येक ग्रॅम बुडाशी चीर लवकर आणतं.

सायलेन्सरबद्दल चाहत्यांची मागणी वर्षानुवर्षं एकच असते : सीटखालचे सायलेन्सर परत आणा. ९१६ मुळे ही ओढ लागली. १९९४ ला ते शक्य होतं, कारण डबा हलका होता. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा, तो इंजिनाजवळ लवकर तापायला हवा, आणि आवाजाची मर्यादाही कडक आहे, त्यामुळे डब्याचं आकारमान वाढलं. एवढं वजन सीटखाली, सगळ्यात उंच आणि सगळ्यात मागे, टांगलं तर गाडी दिशा बदलताना आळस करते आणि रायडरची बैठक भाजते. म्हणून वजन इंजिनाखाली आलं. कॉन्सेप्टमध्ये सीटखाली दोन सुबक तोंडं दिसली तर आधी कन्व्हर्टर कुठे आहे ते शोधा. सापडला नाही तर ती तोंडं विक्रीच्या गाडीत खाली येतील.

पत्रे आणि प्लॅस्टिकबद्दल थोडक्यात. मॉडेलचे भाग हाताने घातलेल्या कार्बनचे किंवा यंत्रावर कोरलेल्या ठोकळ्याचे असतात, त्यांना साच्यातून बाहेर यायचं नसतं. विक्रीचा भाग साच्यातून निघावा म्हणून त्याच्या भिंतींना १ ते ३ अंशांचा उतार द्यावा लागतो, आणि आत वळलेल्या खोल खाचा एकतर जातात किंवा दोन तुकड्यांत फुटतात. तिथे सांधा येतो. ‘कॉन्सेप्टमध्ये एकसंध होतं, आता दोन पॅनेल आणि मध्ये फट’ ही तक्रार या उताराची आहे, कंजूषपणाची नेहमी नसते.

आता मतांची किंमत. इतिहास बघता प्रदर्शनातली गर्दी विक्रीचा फार वाईट अंदाज देते, दोन्ही दिशांनी.

डुकाटी ९९९ घ्या. २००२ मध्ये डिझायनर पियर तेरब्लांशने ९१६ च्या घराण्याची गादी तिला दिली. एकाखाली एक हेडलाइट आणि दुहाती स्विंगआर्म. चाहते खवळले. गाडीचं काम उत्तम होतं. तिच्यावर वर्ल्ड सुपरबाइकचं विजेतेपद २००३ ला नील हॉजसनने, २००४ ला जेम्स टोसलंडने आणि २००६ ला ट्रॉय बेलिसने मिळवलं. तरी डुकाटीने २००६ च्या अखेरीस १०९८ आणताना आडवे दिवे आणि एकहाती स्विंगआर्म परत आणले. चाहत्यांचं मत तिथे जिंकलं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं असं मात्र मला वाटत नाही. दुहाती स्विंगआर्म तेवढ्याच ताकदीला हलका पडतो. एकहाती असला की चाक पटकन निघतं, पण रस्त्यावरच्या गाडीचं मागचं चाक वर्षातून कितीदा काढावं लागतं?

उलट उदाहरण स्पोर्ट क्लासिकचं. २००३ च्या टोकियो शोमध्ये तेरब्लांशच्याच तीन कॉन्सेप्ट आल्या : पॉल स्मार्ट १०००, स्पोर्ट १००० आणि जीटी १०००. लोक अक्षरशः वेडे झाले. डुकाटीने ऐकलं आणि कॉन्सेप्टशी इमान राखत तिन्ही विक्रीला आणल्या. स्पोर्ट १००० आधी एकाच माणसाची आणि एका बाजूला एकच शॉकअॅब असलेली, हँडल इतकं खाली की शहरात मनगटं धरतात. नंतर तिला दोघांची सीट आणि दोन शॉकअॅब मिळाले. तरीही अपेक्षेएवढी मागणी आली नाही, आणि दशक संपेपर्यंत ही मालिका बंद झाली. त्यानंतर जुन्या गाड्यांचे भाव चढले. टोकियोत टाळ्या वाजवणारे खोटं बोलत नव्हते. गाडी बघायला आवडणं आणि रोज सकाळी तिच्यावर बसणं यांत मनगटं येतात.

एमएच९००ई या दोघांच्या मधली. १९९८ च्या म्युनिकच्या इंटरमोटमध्ये कॉन्सेप्ट म्हणून आली, आणि १ जानेवारी २००० पासून डुकाटीने ती थेट इंटरनेटवर विकली, एकूण २००० गाड्या. गाडी संग्राहकांसाठी आहे हे कंपनीनेच आधी ठरवलं, म्हणून टाकी लहान आणि बैठक कडक असूनही कोणी कुरकुर केली नाही. संख्या मर्यादित असली की चाहत्यांच्या मताला खरा वजनदार अर्थ येतो, कारण तिथे दोन हजार वेडी माणसं पुरतात. बिमोटाची टेसी एच२ हीदेखील याच हिशेबाने जगते. २०१९ ला कावासाकीच्या सुपरचार्ज्ड इंजिनासह आली, पुढे फोर्कच नाही, चाकाच्या हबमधून स्टिअरिंग. अशी गाडी हजारोंनी खपवायची नसल्यामुळेच ती कॉन्सेप्टमधून बाहेर येऊ शकली.

नव्या डिझाइनवर हमखास येणाऱ्या शेऱ्यांपैकी ‘हिच्यात अमुक गाडीची झाक आहे’ हा शेरा सोडून द्या. दोन चाकं, इंजिन आणि माणूस यांच्यात मोकळी जागाच इतकी थोडी असते की झाक येणारच. ‘ट्रेलिस नाही तर मॉन्स्टर नाही’ यात थोडं तथ्य आहे. १९९२ ला मिगेल गालुझींनी मॉन्स्टर मांडली तेव्हा उघडी नळ्यांची फ्रेम हाच तिचा चेहरा होता. २०२१ च्या मॉन्स्टरमध्ये इंजिनच भार घेतं आणि पुढे ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा आहे. त्याने फ्रेमचं वजन साडेचार किलोने उतरलं, आणि पूर्ण गाडी मॉन्स्टर ८२१ पेक्षा १८ किलोने हलकी झाली. ओळख गेली हे मान्य, पण ट्रॅफिकमध्ये ढकलताना १८ किलो जाणवतात. ‘मागे कोण बसणार?’ हा शेरा मात्र गंभीरपणे घ्या. कॉन्सेप्टमध्ये मागची सीट नसेल तर विक्रीला सीट पेलणारी सबफ्रेम लांबते, टेल वर जाते आणि अख्खं प्रमाण बदलतं.

आपल्याकडे हे सगळं हाताने चाचपून बघायचं असेल तर एप्रिलिया आरएस ४५७ बघा. डिझाइन इटलीचं, गाडी एप्रिलियाची मालक कंपनी पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात बनते आणि तिथून बाहेरही जाते. भारतात ती डिसेंबर २०२३ मध्ये ४.१० लाख एक्स-शोरूमला आली. तिचे आकडे नियमांनी कसे ओढून घेतले आहेत ते पाहण्यासारखं आहे. युरोपात ए२ परवान्याला (मधल्या ताकदीच्या दुचाकींचा परवाना) ताकद ३५ किलोवॅटपर्यंत आणि वजनाच्या किलोमागे ०.२ किलोवॅटपर्यंतच चालते. ३५ ला ०.२ ने भागा, येतात १७५. आरएस ४५७ चं पेट्रोलसकट वजन बरोबर १७५ किलो आणि ताकद ४७.६ पीएस, म्हणजे ३५ किलोवॅट. याहून हलकी केली असती तर ताकद कमी करावी लागली असती. ‘आणखी कार्बन लावून दहा किलो का नाही उतरवले?’ या प्रश्नाचं उत्तर या भागाकारात आहे.

शोरूममध्ये तिच्यावर किंवा थेट फोर्कला लावलेल्या, म्हणजे क्लिप-ऑन, हँडलच्या कुठल्याही गाडीवर बसलात की हँडल आधी डावीकडे आणि मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवा, मूठ नेहमीसारखी धरूनच. अंगठा आणि टाकी यांच्यात बोटभर जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर पार्किंगमधून गाडी काढताना प्रत्येक वेळी अंगठा चेमटेल. एवढं झालं की सेल्समनला टाकी किती लिटरची आणि रिझर्व्ह किती लिटरवर लागतो ते विचारा. रंगांचा कॅटलॉग तो न विचारता काढेलच.